घरगुती इलेक्ट्रॉनिक संगीत-कक्ष : किंमत, खर्च आणि मोल
(वांगणी परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

१. प्रश्नाचे स्वरूप

घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक संगीत निर्माण करावयाचे झाल्यास किती पैसे लागतात, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः एखाद्या यादीच्या रूपाने दिले जाते. संगणक अमुक रुपयांचा, माइक तमुक रुपयांचा, कीबोर्ड इतक्याचा, आणि तळाशी एक बेरीज. ही बेरीज चुकीची नसते. परंतु ती अपुरी असते, आणि तिचा अपुरेपणा नेमका कोठे आहे हे यादी वाचणाऱ्यास कळत नाही. तो अपुरेपणा दाखवून देणे, आणि उपलब्ध पैसा कोणत्या क्रमाने वेचावा याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीत या विषयाला उपयोगी पडणारे तीन शब्द आहेत. ‘किंमत’ हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला शब्द वस्तूला चिकटलेला असतो. दुकानात ती सांगितली जाते व पावतीवर लिहिली जाते. ‘खर्च’ हाही त्याच वाटेने आलेला, पण तो वस्तूला नसून माणसाला वा घराला येतो. त्यात पावतीवर न येणाऱ्या बाबीही मोडतात. ‘मोल’ हा संस्कृत ‘मूल्य’ या शब्दापासून प्राकृतातून आलेला. वस्तूच्या अंगी असलेले किंवा तिच्यापासून मिळणारे सार्थक त्याने सूचित होते. ‘किंमत थोडी, खर्च फार’ असे आपण सहज म्हणतो आणि त्यात कोणास विसंगती वाटत नाही. घरगुती संगीत-कक्षाच्या बाबतीत हाच भेद निर्णायक ठरतो.

विवेचनासाठी वांगणीचा परिसर घेण्यास कारण आहे. ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील हे गाव कल्याण-कर्जत लोहमार्गावर बदलापूर आणि शेलू या स्थानकांच्या दरम्यान वसलेले आहे. मुंबईच्या मानाने घरभाडे कमी असल्याने गेल्या काही दशकांत दृष्टिहीन व्यक्तींची अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांपैकी कित्येकजण लोकलगाड्यांतून गाऊन किंवा किरकोळ वस्तू विकून उदरनिर्वाह करीत आले आहेत. गळ्याशी अडकविलेला लहान ध्वनिवर्धक, हातातील माइक आणि मोबाइलवर वाजणारी साथ, एवढ्या सामग्रीवर चालणारे हे गायन म्हणजे एका अर्थी फिरता इलेक्ट्रॉनिक संगीत-कक्षच होय. परंतु १९८९च्या रेल्वे अधिनियमाचे कलम १४४ गाडीत विनापरवाना विक्री करण्यास व भिक्षा मागण्यास मनाई करते. त्यामुळे ही उपजीविका कायद्याच्या दृष्टीने नेहमीच अस्थिर राहिली. मार्च २०२० मध्ये मुंबईची लोकलसेवा सर्वसामान्य प्रवाशांसाठी बंद झाली, ती मर्यादित वेळांत १ फेब्रुवारी २०२१ पासून पुन्हा खुली झाली. त्या दहा महिन्यांत गाडीवर अवलंबून असलेल्या गळ्याला श्रोताच उरला नाही. गाडीविना आवाज लोकांपर्यंत पोहोचविण्याचा मार्ग घरातून काढता येईल काय, आणि त्यास किती लागेल, हा प्रश्न म्हणून येथे हौसेचा राहात नाही.

२. भार कोणावर होता

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या भारतातील प्रारंभाकडे पाहिले असता खर्चाचा भार कसा सरकत गेला हे स्पष्ट दिसते. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत (एन.आय.डी.) १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याच्या साहाय्याने मूग संश्लेषक बसविण्यात आला व तेथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक कक्ष सुरू झाला. १९७२ पर्यंतच्या काळात तेथे झालेल्या ध्वनिफितींतील निवडक भाग २०२३ साली प्रकाशात आला. या उपक्रमात यंत्र, खोली, वीज आणि शिकण्यासाठी लागणारा वेळ या चारही गोष्टींचा भार संस्थेने उचलला होता.

दुसरे उदाहरण मुंबईचे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेले चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. टीबी-३०३ हे खर्जाच्या सुरांसाठी, टीआर-८०८ हे तालासाठी आणि ज्युपिटर-८ हे मुख्य सुरावटीसाठी, अशी ती योजना होती. एच.एम.व्ही.ने काढलेली ही ध्वनिमुद्रिका तेव्हा फारशी खपली नाही. २०१० साली तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर तिला जगभर श्रोते मिळाले. अमेरिकेत त्या वेळी टीबी-३०३ची छापील किंमत ३९५ डॉलर, टीआर-८०८ची १,१९५ डॉलर आणि ज्युपिटर-८ची सुमारे पाच हजार डॉलर होती. १९८२ साली डॉलरला साधारण साडेनऊ रुपये पडत. म्हणजे आयात-शुल्क बाजूस ठेवूनही या तीन यंत्रांची किंमत साठ हजार रुपयांच्या वर जाते. त्या काळी ही रक्कम घर घेण्याच्या विचाराशी तोलावी अशी होती. प्रस्थापित वादकालाच ती झेपणे शक्य होते. परंतु येथेही भाराची विभागणी लक्षात घेण्याजोगी आहे : वाद्ये वादकाची, आणि ध्वनिमुद्रिका काढून बाजारात नेण्याचा व्याप कंपनीचा.

आज त्याच जातीचे आवाज संगणकावर अल्प किमतीत, कधी कधी विनामूल्यही मिळतात. किंमत इतकी घसरल्यामुळे संस्था आणि कंपनी या दोघांची जागा घराने घेतली. मात्र त्या दोघांनी पूर्वी मुकाट्याने उचललेल्या इतर बाबीही घराच्याच माथी आल्या. शांत खोली, अखंड वीज, जाणकार तंत्रज्ञ, शिकण्याचा वेळ आणि हक्कांचा हिशेब या त्या बाबी होत. यंत्रांच्या यादीत त्या आढळत नाहीत.

३. यंत्रांची किंमत

प्रथम यादीचाच विचार करू. एका गायकाचा आवाज आणि त्याखालील इलेक्ट्रॉनिक साथ मुद्रित करण्यासाठी सहा गोष्टी पुरतात. पुढील आकडे सध्याच्या किरकोळ बाजारातील स्थूल अंदाज आहेत.

पहिली गोष्ट संगणक. वापरलेला परंतु सुस्थितीतील लॅपटॉप वीस ते तीस हजार रुपयांत मिळू शकतो. दुसरी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकमधून येणारा विद्युत्-संकेत अंकांत रूपांतरित करून संगणकाकडे पाठविणारी पेटी; पाच ते पंधरा हजार. तिसरी माइक, पाच ते दहा हजार. चौथी कान पूर्ण झाकणारा बंद जातीचा हेडफोन. तीन ते सहा हजार. पाचवी दोन सप्तकांचा लहान कीबोर्ड, ज्याला स्वतःचा आवाज नसतो आणि जो कोणती पट्टी किती जोराने दाबली एवढेच संगणकास सांगतो. सात ते दहा हजार. सहावी किरकोळ सामग्री, म्हणजे माइकचा स्टँड, केबली व तोंडापुढील जाळी. दोन ते तीन हजार. ध्वनिसंपादनाच्या प्रणालीसाठी शून्य ते पाच हजार धरावेत. बेरीज किमान बेचाळीस हजार आणि कमाल एकोणऐंशी हजार रुपये होते.

कीबोर्ड आणि संगणक यांच्यातील संभाषण ‘मिडी’ या १९८३ सालच्या संकेतानुसार चालते. त्यात स्वरांसाठी ० ते १२७ असे १२८ क्रमांक ठरलेले असून लगतच्या दोन क्रमांकांत अर्ध्या स्वराचे अंतर असते. हार्मोनियमला जी मर्यादा आहे तीच मूलतः येथेही आहे. मींड किंवा आंदोलित स्वर काढावयाचा तर स्वर वाकविणारे वेगळे चाक वापरावे लागते. म्हणून भावगीत वा अभंगाची साथ बांधणाऱ्याने कीबोर्ड घेताना पट्ट्यांची संख्या थोडी कमी असली तरी चालवून घ्यावे, पण हे चाक असल्याची खात्री करावी.

एका तांत्रिक बाबीकडे यादीत दुर्लक्ष होते, ती म्हणजे विलंब. गायकाचा आवाज माइकमधून संगणकात जाऊन हेडफोनपर्यंत परत येण्यास काही काळ लागतो. संगणक आवाजाचे नमुने गटागटाने हाताळतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असता १२८ नमुन्यांचा गट सुमारे २.९ सहस्रांश सेकंदाचा, तर १,०२४ नमुन्यांचा गट सुमारे २३ सहस्रांश सेकंदाचा होतो. जाताना आणि येताना मिळून हा विलंब वाढतो, व तो मोठा झाला की गायकाला स्वतःचाच आवाज मागाहून ऐकू येऊन त्याचा ताल ढळतो. बिनतारी हेडफोनमध्ये तर तो बहुधा याच्या कित्येक पट असतो. त्यामुळे महागडा बिनतारी हेडफोन या कामास निरुपयोगी, आणि साधा तारेचा हेडफोन योग्य ठरतो. किंमत आणि उपयुक्तता एकाच दिशेने वाढत नाहीत, याचे हे पहिले उदाहरण.

४. शांततेचा खर्च

वांगणीत लोहमार्ग गावातून जातो. कर्जत व खोपोलीच्या लोकल, पुण्याकडील मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या यांची ये-जा त्यावर चालू असते. स्टुडिओ म्हणून वापरावयाच्या खोलीचा विचार याच पार्श्वभूमीवर करावा लागतो.

येथे दोन कल्पनांची गल्लत टाळली पाहिजे. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे हे एक काम, आणि आतला आवाज भिंतींवर आपटून घुमू न देणे हे दुसरे. पहिल्यासाठी वजन आणि फटींचा अभाव लागतो. दुसऱ्यासाठी मऊ, सच्छिद्र व पुरेसा जाड पदार्थ लागतो. भिंतीला पातळ स्पंज किंवा अंड्यांचे ट्रे लावल्याने गाडीचा आवाज थांबत नाही. वरच्या स्वरांतील खणखणाट तेवढा थोडा कमी होतो, आणि घरमालकाची भिंत खराब होते.

फटींचे महत्त्व एका साध्या हिशेबाने कळते. नऊ इंची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली विटांची भिंत आवाज सुमारे पन्नास डेसिबेलनी कमी करू शकते. परंतु त्या भिंतीच्या क्षेत्रफळाचा केवळ शंभरावा भाग उघडा राहिला, तर एकूण घट वीस डेसिबेलच्या पुढे जात नाही. दाराखालील फट, खिडकीच्या सरकत्या तावदानांमधील सांध, वातानुकूलन यंत्रासाठी ठेवलेले भोक, यांतून भिंतीचे सारे सामर्थ्य वाया जाते. यावरून असे निष्पन्न होते की, भिंतीवर पैसा घालण्यापूर्वी दाराच्या कडांना रबरी पट्टी लावणे आणि खिडकीच्या मापाची जाड फळी तयार करून मुद्रणाच्या वेळी ती बसविणे अधिक फलदायी होय. भाड्याच्या घरात तर हाच मार्ग श्रेयस्कर, कारण घर सोडताना हे सामान बरोबर नेता येते. भिंतीत गुंतविलेला पैसा मात्र घरमालकाचा होतो.

तरीही गाडीची घरघर उरतेच. पन्नास हर्ट्झ कंप्रतेच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ६.८ मीटर असते, आणि अशी लहर शोषण्यासाठी तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे १.७ मीटर खोली लागावी असा स्थूल नियम आहे. दहा बाय दहाच्या खोलीत हे अशक्य आहे. अशा खोलीची उंचीही दहा फूट असेल तर आणखी एक अडचण उद्भवते. समोरासमोरच्या भिंतींमधील अंतर ३.०५ मीटर असता सुमारे ५६ हर्ट्झला आणि तिच्या दुपटीला, ११२ हर्ट्झच्या आसपास, हवा आपोआप घुमते. तिन्ही मापे समान असल्याने हे घुमणे एकाच जागी साचते. ११२ हर्ट्झ म्हणजे जवळजवळ खालच्या सप्तकातील पांढरी सहा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र कोमल धैवत त्या खोलीत अकारण फुगेल. हा दोष कोणत्याही महाग माइकने जात नाही. दहा बाय बारा फुटांची खोली, कपड्यांनी भरलेले कपाट एका कोपऱ्यात आणि गाद्यांची चळत दुसऱ्यात, एवढ्यानेही तो बराच सौम्य होतो.

गाडीच्या आवाजावर उरलेले दोन उपाय विनामूल्य आहेत. एक, तोंड माइकच्या जवळ आणणे. अंतर निम्मे केले की आवाजाची पातळी सुमारे सहा डेसिबेलनी वाढते आणि तेवढ्याच प्रमाणात बाह्य गोंगाट मागे पडतो. दुसरा, वेळापत्रक. लोकलसेवा मध्यरात्रीनंतर काही तास थांबते. त्या वेळी आणि दोन गाड्यांच्या मधल्या अवकाशात मुद्रण करावे. परंतु वेळ हाही खर्चच आहे. पहाटे तीनला गाणाऱ्या माणसाने दिवसा कोठे तरी झोपले पाहिजे, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबातील मुलांनी त्या वेळी हालचाल न करता राहिले पाहिजे. स्टुडिओची शांतता घरातील इतरांच्या सोयीतून वळती केली जाते.

५. मराठी ध्वनी आणि पंखा

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास या ठिकाणी एक विशेष बाब दिसेल. मराठीत ‘चमचा’मधील दंततालव्य च आणि ‘चंद्र’मधील तालव्य च यांत भेद आहे, तसाच तो ‘जग’ (विश्व) आणि ‘जग’ (जगणे) यांतील ज मध्येही आहे. घर्षणाच्या अंगाने होणारा हा भेद मुख्यतः उच्च कंप्रतेच्या भागात वसतो. जुन्या दूरध्वनीवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोहोचत असल्याने तेथे तो अंधुक होई. म्ह, न्ह, ल्ह यांतील श्वासयुक्त घोष आणि भ, घ, ध यांतील महाप्राण हेही क्षीण गोंगाटाच्या स्वरूपाचे असतात.

छताचा पंखा जो आवाज करतो तोही गोंगाटच, आणि पुष्कळसा याच क्षेत्रात पसरलेला. पंखा चालू ठेवून केलेल्या मुद्रणातून तो संगणकाकरवी पुसून काढू गेल्यास, महाप्राण आणि दंत्य घर्षण यांची कडही त्याबरोबर झिजते. शब्द कळतात, पण गळा मराठी वाटेनासा होतो. यास्तव पंखा बंद ठेवणे हाच मार्ग. मे महिन्यात, दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत, याचा अर्थ एका वेळी दहा-पंधरा मिनिटांहून अधिक गाता न येणे असा होतो. फ, प यांच्या उच्चारातील हवेचा झोत माइकवर आदळून होणारा धक्का मात्र काही शे रुपयांच्या जाळीने किंवा माइक किंचित तिरपा धरल्याने टळतो.

६. वीज आणि पाऊस

उल्हास नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश अतिवृष्टीचा आहे. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात अडकून सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली, ही घटना सर्वश्रुत आहे. खोली तळमजल्यावर असेल तर यंत्रे जमिनीपासून उंच मांडणीवर ठेवणे ही म्हणूनच प्राथमिक दक्षता ठरते.

रोजचा प्रश्न दमटपणाचा. कंडेन्सर जातीच्या माइकमधील अतिशय पातळ पडद्यावर ओलावा बसला की त्यातून चरचर ऐकू येते व कालांतराने तो निकामी होतो. डायनॅमिक जातीचा माइक याबाबतीत कणखर असतो, आणि जवळून गाण्यास योजलेला असल्याने खोलीचे दोषही कमी टिपतो. वरच्या स्वरांचा बारकावा त्यात थोडा कमी मिळतो, हे मान्य करूनही वांगणीसारख्या ठिकाणी पहिला माइक याच जातीचा असावा. घट्ट झाकणाचा डबा व ओलावा शोषणाऱ्या पुड्या यांस हजार ते दोन हजार रुपये पुरतात. पत्र्याचे छप्पर असल्यास मुसळधार पावसात मुद्रण करताच येत नाही. म्हणजे वर्षातील तीन-चार महिने साथ बांधण्यासाठी व उरलेले गाण्यासाठी, अशी कामाची वाटणी निसर्गच करून देतो.

वीज गेल्याने केवळ वेळ जातो असे नाही. चालू असलेले मुद्रण नष्ट होऊ शकते. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी सुस्थितीत असल्यास इंटरफेस त्याच्यावरच चालतो आणि लहान यू.पी.एस.ने भागते, त्यास तीन ते पाच हजार लागतात. घराला बॅटरीसह इन्व्हर्टर बसविल्यास हा आकडा पंधरा ते पंचवीस हजारांवर जातो.

७. डोळ्यांवाचून स्टुडिओ

संगणकावरील संगीत-प्रणाली मुख्यतः पाहणाऱ्यासाठी रचलेल्या असतात. आवाजाची लहर चित्ररूपाने दिसते आणि उंदराने ती कापावयाची असते. दृष्टिहीन वादकाला हे सर्व स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणाऱ्या प्रणालीच्या आधारे करावे लागते. ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य प्रणाली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन तंत्रज्ञांनी सिद्ध केली. २००६ साली तिचे काम सुरू झाले. तिच्यासोबत येणारा ईस्पीक हा कृत्रिम आवाज मराठीही वाचतो. ‘रीपर’ या ध्वनिसंपादन-प्रणालीस जोडावयाचा ‘ओसारा’ हा विनामूल्य पूरक भागही तेह यांच्याच पुढाकाराने तयार झाला असून त्यामुळे रीपर केवळ कळफलकावरून चालविता येते. रीपरचा वैयक्तिक वापराचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास आहे, आणि विकत घेण्यापूर्वी साठ दिवस ती वापरून पाहता येते. अॅपलच्या संगणकावर व्हॉइसओव्हर आणि गॅरेजबँड ही दोन्ही मूळ किमतीतच येतात. परंतु ती मूळ किंमतच मोठी असते.

यावरून प्रणालींची किंमत जवळजवळ शून्यावर आली आहे असे म्हणता येईल. खर्च मात्र तीन ठिकाणी उरतो. पहिला कानाचा. डोळस वादक पाहतो एका इंद्रियाने आणि ऐकतो दुसऱ्याने. दृष्टिहीन वादकाला यंत्राची सूचना आणि स्वतःचे संगीत एकाच कानाने ऐकावे लागते. सूचनेचा आवाज मुद्रणात शिरू नये म्हणून बंद जातीचा हेडफोन अनिवार्य ठरतो, आणि शक्य असल्यास सूचना एका कानात व संगीत दुसऱ्या कानात अशी योजना करावी लागते. दुसरा खर्च यंत्राच्या निवडीचा. नव्या कीबोर्डांवर बटणांच्या जागी स्पर्शपडदे येऊ लागले आहेत. बोटांना तेथे सपाट काच लागते. प्रत्येक कामाला स्थिर जागेवरचे, चाचपून ओळखता येणारे बटण असलेला जुना कीबोर्ड स्वस्त असूनही अधिक उपयोगी पडतो. तिसरा व सर्वांत मोठा खर्च शिकण्याचा. सूचना-पुस्तिका व पाठ बहुतांशी इंग्रजीत आहेत आणि पाठांतील शिक्षक ‘हे इथे दाबा’ असे म्हणून पडद्याकडे बोट दाखवितो. मराठीतून, बोटाऐवजी शब्दांनी समजावून सांगणारा एक मनुष्य काही महिने लाभणे, हे दहा हजारांच्या यंत्राहून अधिक मोलाचे आहे. विद्यापीठीय विभागांनी मराठी परिभाषा घडविताना या गरजेकडे लक्ष दिल्यास तिचा तात्काळ उपयोग होईल. ‘ट्रॅक’, ‘लूप’, ‘कट’ हे शब्द वादकांनी स्वीकारलेच आहेत. उणीव आहे ती त्यांच्या क्रिया ओळीने सांगणाऱ्या मराठी पाठांची.

८. हिशेब आणि क्रम

आता दुसरी बेरीज मांडता येईल. दार-खिडकीचा बंदोबस्त, जाड पडदे व हलविता येणाऱ्या चौकटींतील खनिज लोकर यांस आठ ते वीस हजार, विजेच्या सोयीस तीन ते पंचवीस हजार, ओलाव्यापासून संरक्षणास एक ते दोन हजार; एकूण बारा ते सत्तेचाळीस हजार. यंत्रांची बेरीज मिळविली असता चोपन्न हजार ते एक लाख सव्वीस हजार रुपये होतात. यादीबाहेरील भाग किमान हिशेबात एक पंचमांशाहून, आणि कमाल हिशेबात एक तृतीयांशाहून अधिक आहे. त्यात रात्रीची जागरणे व शिकण्याचे महिने धरलेले नाहीत.

ज्याच्याजवळ एवढी रक्कम एकदम नाही, त्याने क्रम उलटा धरणे इष्ट. प्रथम खोलीतील फटी आणि घुमणे यांचा बंदोबस्त, आणि असलेल्या मोबाइलवरच मुद्रणाचा सराव. हे काही हजारांत होते. त्यानंतर बंद हेडफोन, डायनॅमिक माइक व साधा इंटरफेस, मग संगणक, आणि कीबोर्ड सर्वांत शेवटी, कारण साथ कळफलकावरूनही बांधता येते. कर्ज काढून आधी मोठा कीबोर्ड घेण्याची प्रवृत्ती दिसते, कारण कीबोर्ड हे डोळ्यांत भरणारे आणि हाताला जाणवणारे वाद्य आहे. पण गोंगाटाच्या खोलीत त्याची साथ स्वच्छ आणि गळा मात्र गढूळ मुद्रित होतो, आणि हप्ता चालू राहतो. कर्ज घ्यावयाचेच असल्यास १९९७ साली स्थापन झालेल्या, दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय वित्त व विकास महामंडळाच्या स्वयंरोजगार योजनांचा विचार खाजगी सावकारीपूर्वी करावा.

९. मोलाचा प्रश्न

या खर्चातून काय परत येते? येथे कायद्याचे ज्ञान आवश्यक आहे. लोकलमध्ये गायिली जाणारी गीते बहुतांशी चित्रपटांतील असतात. तीच घरी मुद्रित करून प्रसिद्ध करावयाची झाल्यास १९५७च्या प्रताधिकार अधिनियमाशी गाठ पडते. २०१२ साली त्यात घातलेल्या कलम ३१-क (इंग्रजी मजकुरात ३१-सी) प्रमाणे, मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षअखेरीपासून पाच वर्षे लोटल्यावर गीताची नवी आवृत्ती वैधानिक परवान्याने काढता येते. पण दरवर्षी किमान पन्नास हजार प्रतींचे स्वामित्वशुल्क आगाऊ भरावे लागते. विशिष्ट भाषेच्या किंवा बोलीच्या संभाव्य प्रसाराचा विचार करून हा किमान आकडा कमी ठरविण्याची मुभा त्याच कलमात आहे. भाषेच्या विस्ताराचा विचार करणारी ही तरतूद अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. तयार कराओके साथ वापरल्यास त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क पुन्हा निराळा.

यातून सुटण्याचा राजमार्ग जुन्या मराठी पदांकडे जातो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो; संतांच्या अभंगांचे शब्द तर सर्वांचेच आहेत. विसाव्या शतकातील संगीतकाराने दिलेली प्रसिद्ध चाल मात्र सर्वांची असेलच असे नाही. म्हणून शब्द अभंगाचे, चाल स्वतःची किंवा परंपरेची, आणि साथ स्वतः बांधलेली, अशी निर्मिती केली असता तिच्यावर दुसऱ्या कोणाचा दावा राहात नाही. घरगुती संगीत-कक्षाचे खरे मोल येथे प्रकटते. गाडीतील गाणे दुसऱ्याचे असते व डब्याबरोबर पुढे निघून जाते. घरात सिद्ध केलेले गाणे गायकाच्या नावावर राहते.

उत्पन्नाविषयी मात्र भ्रम नसावा. यूट्यूबच्या जाहिरातींतील वाटा मिळण्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण (किंवा नव्वद दिवसांत एक कोटी लघुचित्र-दर्शने) ही अट आहे, आणि ती पुरी झाल्यावरही वाटा अनिश्चितच. रोज सायंकाळी हातात पडणाऱ्या नाण्यांची जागा तो चटकन घेऊ शकत नाही. कार्यक्रमांसाठी आवाजाचा नमुना, शाळा व मंडळांसाठी साथीच्या ध्वनिफिती, श्राव्य पुस्तकांचे वाचन ही कामे अधिक भरवशाची आहेत. आणि त्यांना कीबोर्डहून शांत खोलीची व शुद्ध उच्चारांची गरज अधिक असते.

सारांश, वांगणीतील घराला संगीत-कक्षासाठी जी गोष्ट सर्वांत महाग पडते ती दुकानात विकली जात नाही. यंत्रे स्वस्त झाल्याने निर्मितीचे दार उघडले, हे खरे. परंतु त्या दाराखालील फट बुजविणे, पंखा बंद करून गाणे, आणि बोटाऐवजी शब्दांनी शिकविणारा कोणी शोधणे, हा भार अद्याप ज्याचा त्याने उचलावयाचा आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी एकेका घराने करावयाच्या आहेत. तिसरी मराठीच्या अभ्यासकांच्या आवाक्यातील आहे.